धर्मराजने मागितलेली गंग

काल शेवया अर्ध्यावरच राहिल्या. एक घाणा खाटेवर धोतरावर वाळत पडला होता, दुसऱ्याची कणीक ओल्या फडक्याखाली होती आणि पाटावरून सुटलेला शेवयांचा पदर माझ्या बोटांवर होता, तेवढ्यात भिवराबाई मागच्या दाराने धापा टाकत आली. भिवराबाई म्हणजे शेजारच्या विठ्ठलरावांकडे झाडलोट, भांडी करणारी. तिने पदर तोंडाला लावला होता.

“काकू, गंग द्या. जावायबापूंनी मागितलीय.”

“गंग? कुणाला गं?”

“मला काय सांगतेत व्हय? कानापाशी येऊन बोलले. मास्तरांच्या घरी जा, गंग आन, लौकर आन, म्हनले. आन् मामीला कळू दिऊ नको म्हनले.”

मामी म्हणजे केसरबाई. विठ्ठलरावांची बायको आणि जावायबापूंची, म्हणजे धर्मराजची, सासू. या उन्हाळ्यात त्यांचा दमा फार उठला आहे. त्यांचा खोकला आमच्या भिंतीतून ऐकू येतो. काल पहाटे तो एकदम थांबला, तेव्हा मला बरं वाटलं होतं की लागला बिचारीचा डोळा. भिवराबाईचं तोंड बघितलं आणि त्या थांबण्याचा दुसराच अर्थ मनात आला.

हात धुतले, देवघरात गेले. सासऱ्यांनी काशीहून आणलेला गंगाजळाचा तांब्याचा गडू तिथे आहे, तोंड झाळून बंद केलेला. माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. रोज त्याला एक फूल वाहते. घरातल्या थोरल्यांच्या तोंडात शेवटी घालायची म्हणून ठेवलेली ती गंग. पण भिंतीपलीकडे माणूस जात असताना आपलं आणि दुसऱ्याचं कोण बघत बसतं? तुळशीचं पान खुडलं, गडू पदराखाली घेतला. आमच्यात एक आहे, की गंग एकदा कुणाचं नाव घेऊन उंबऱ्याबाहेर काढली की ती त्या माणसाची. परत आणून देवघरात ठेवायची नाही. हे मनात घोळवतच उंबरा ओलांडला.

पण तिथे काय झालं ते कळायचं तर धर्मराज कोण ते आधी सांगितलं पाहिजे.

धर्मराज लिंबागणेशचा. आई-वडील लहानपणीच तापाच्या साथीत गेले. थोरला भाऊ बद्रीनाथ, त्याच्या घरात त्याचीच पोरं मावत नव्हती. नात्यातला कुणी सिकंदराबादला पलटणीत स्वयंपाकी होता, त्याच्याबरोबर याला धाडून दिलं. तिथे हुसेन उस्ताद म्हणून एकाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. धर्मराजचं पहिलं काम काय, तर पेट्या उघडून आतली धूळ कोंबडीच्या पिसाने झाडायची. पुढे धूळ झाडता झाडता काय कशाला जोडलं आहे ते कळायला लागलं. उस्तादांनी मग हातात कथिलाचा डाख द्यायची सळई दिली. त्या दुकानाचं नाव काढलं की त्याच्या बोलण्यात उर्दू शिरते आणि चेहरा बदलतो.

एकदा आमचे हे, म्हणजे मास्तर, शाळेतून यायची वाट बघत तो ओसरीवर बसला होता, तेव्हा म्हणाला, “काकू, तिकडं लोक मला ‘धर्मा, हे बघ रे’ म्हनायचे. हितं ‘बसा’ म्हनतेत.”

खरंच होतं ते. विठ्ठलरावांना गीताबाई एवढी एकच मुलगी. तिच्या आधीची आणि नंतरची लेकरं केसरबाईंच्या मांडीवरच गेली. त्यामुळे घरजावई पाहिजे होता, आणि तोही असा की ज्याला मागून ओढणारं कुणी नाही. धर्मराजला बघून आल्यावर विठ्ठलराव आमच्या ह्यांना म्हणाले होते, “पोरगा हुशार हाय, आन् लई बरं म्हंजे मोकळा हाय.” लग्नात मात्र बद्रीनाथला सांगितलं, की दोन सुगी आमचं शेत बघू द्या, मग त्यांचे ते मुखत्यार, जातील तिकडे. त्या दोन सुगी अजून संपलेल्या नाहीत.

घरात त्याचा मान मोठा. पहिलं ताट त्याचं, भाकरीवर तुपाची धार त्याला, अंघोळीला ऊन पाणी त्याला. पण किल्ली कशाचीच नाही. बैलाच्या कासऱ्याला हात लावला की सालगडी सटवा धावत येणार, “ऱ्हाऊ द्या जावायबापू, तुमी बसा.” शेतात गेला तर, “कावून आलाव उनाचं? बसा लिंबाखाली.” पारावर गेला तर लोक सरकून जागा देणार आणि बोलणं बदलणार. एकदा त्याने बांधावरचा एक दगड उचलून बाजूला ठेवला, तर संध्याकाळी विठ्ठलरावांनी विचारलं, की दगड कुणी हलवला. बसून बसून त्याच्या बोटांना एक चाळाच लागला आहे. अडकित्ता घ्या, पानाच्या डब्याचं झाकण घ्या, काही ना काही हळू हळू फिरवत असतो आणि मान कलती करून ऐकत असतो.

मागच्या दसऱ्याला विठ्ठलरावांनी रेडिओ आणला. बदली होऊन चाललेल्या कुठल्या साहेबाचा, बॅटरीवर चालणारा, पण मुका. आणला तो चावडीवरच्या लोकांनी बघावा म्हणून. त्याच सुमारास हैदराबादहून आलेल्या एका व्यापाऱ्याने निरोप सांगितला, की हुसेन उस्तादांची नजर गेली, दुकानात बसायला त्यांना धर्मराजच हवा आहे. धर्मराजने धीर करून सासऱ्यांपुढे विषय काढला. मी तेव्हा तिथेच केसरबाईंबरोबर वाती वळत बसले होते.

विठ्ठलराव हसले. “घरातली पेटी मुकी, आन् हे निघाले मुलखाच्या पेट्या बोलत्या करायला! जावायबापू, ही पेटी बोलली ना, तर मी सोता गाडी जुंपून तुमाला आन् गीतेला परळीच्या ठेसनावर सोडतो. न्हाई बोलली तर सिकंदराबादचं नाव काढायचं न्हाई.”

केसरबाईंची वात हातातच थांबली होती. मी बघितलं होतं ते.

धर्मराज कामाला लागला. गोठ्याशेजारच्या खोलीत पेटी उघडली. दिवाळीच्या तोंडावर मला म्हणाला, “काकू, झालंच. एक तार तुटलीय आन् कंडेन्सर धुळीनं भरलाय. धुवून बसवला की बोलंल.” तो कंडेन्सर मी बघितला आहे. पितळेच्या पातळ पात्यांची एक चवड जागेवर बसवलेली, आणि दांडीवर दुसरी चवड, फिरणारी. मूठ फिरवली की फिरती पाती स्थिर पात्यांच्या मधोमध शिरतात. शिरतात, पण शिवत नाहीत. सोवळ्यातली बाई भरल्या घरातून अंग चोरून जाते ना, तशी जातात. कुठे एक पातं दुसऱ्याला शिवलं की पेटी मुकी. पाती जितकी आत शिरतील तितकी त्याची भर, म्हणजे वीज धरायची ताकद, वाढते, आणि त्या भरीवर ठरतं की कोणत्या गावचं बोलणं ऐकू येणार.

घासलेटात धुवून त्याने तो ओट्यावर वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दिवाळीच्या तांब्या-घंगाळाबरोबर तोही लखलखीत होऊन पालथा पडलेला! केसरबाईंनी चिंच आणि राख लावून घासून काढला होता. एकूण एक पातं वाकलेलं, काही मोडून हातात आलेली.

“काळं पडलतं,” केसरबाई म्हणाल्या. “पितळंचंच हाय ना ते?”

विठ्ठलराव खो खो हसले. सगळ्या आळीने आठ दिवस ती गोष्ट पुरवली. सटवा तर म्हणायचा, “जावायबापू, पुढच्या दिवाळीला पेटीलाच उटनं लावू.” धर्मराजही हसला. दुसरं काय करणार? सासूला काय बोलणार?

जर्मनीच्या लढाईमुळे विलायती माल येणं बंद. नवा कंडेन्सर सिकंदराबादेतही मिळेना. पण त्याच्याजवळ एक पत्र्याचा डबा आहे, उस्तादांनी निघताना दिलेल्या मोडीचा. त्यात असलेच कंडेन्सर पडले आहेत, कुठल्या पेटीतले कुणास ठाऊक. ना नाव, ना आकडा. त्यातून आपल्या पेटीला चालणारा ओळखून काढायचा. तो एकेक हातात घेऊन मला दाखवायचा. पाती थोडी आणि लहान असली तर लांबच्या मुलखाचं बारीक काम. पात्यांमधली फट रुंद असली तर तो ऐकायचा नव्हे, बोलणं पाठवायच्या यंत्रातला, तो घरात दिसला तरी पोलिसांचा अमीन दारात येईल. तसला एक निघाला तो त्याने मोडून विहिरीत टाकला. उरलेल्यांची पाती मोजायची, घेर बघायचा, फटीत कागद सरकवून अंदाज घ्यायचा. पण अंदाज तो अंदाजच.

“मग नेमकं कळतं कसं रे?” मी विचारलं.

“चालू पेटीत बसवून बघायचा, काकू. माहितीतलं एक गाव लावायचं आन् काटा कुठं येतोय ते बघायचं. जुन्या जागी आला तर भर सारखी. अलीकडं-पलीकडं गेला तर कमी-जास्त.”

“मग बसव की.”

“चालू पेटी कुठाय?” तो म्हणाला. “कंडेन्सर वळखायला बोलती पेटी पायजे, आन् पेटी बोलायला वळखलेला कंडेन्सर पायजे.” आणि डब्याचं झाकण त्याने किती तरी वेळ नुसतं फिरवलं.

दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्याने डब्यातला एकेक बसवून पाहिला. पेटीतून नुसती खरखर. गीताबाईने सिकंदराबादला जायचं म्हणून दोन लुगडी ट्रंकेत घालून ठेवली होती, ती संक्रांतीला सणाची म्हणून परत बाहेर काढली.

तर आता कालचं.

मी गडू घेऊन गेले तेव्हा माझ्या आधीच बातमी पोचली होती. भिवराबाईने वाटेत कौशल्याबाईला सांगितलं, तिने पलीकडच्या साखराबाईला. ओसरीवर बायका जमलेल्या. कौशल्याबाईने तर शेणाचा सडाही कालवायला घेतला होता, केसरबाईंना खाली घ्यावं लागेल म्हणून. साखराबाईने केसरबाईंच्या पायाशी बसून गळा काढला, आणि त्या आवाजाने केसरबाई खाटेवर दचकून उठून बसल्या.

“कोन मेलं गं?”

त्यांनी माझ्या हातातला गडू बघितला, तुळशीचं पान बघितलं. त्यांना काय ते समजलं.

“मी जित्ती हाय,” त्या म्हणाल्या. “ही कुनी मागवली?”

भिवराबाईचा पदर पुन्हा तोंडाला गेला. “जावायबापूंनी.”

सासू झोपली आहे, शेत तिच्या नवऱ्याचं, वारस जावई, आणि जावई हळूच म्हणतो की तिला कळायच्या आत गंग आणा. कुणाच्या मनात काय आलं ते बोलून दाखवायची गरजच नव्हती. साखराबाईने दाखवलंच तरी. “अगं बया, एवढी घाई!”

आरडाओरडा ऐकून विठ्ठलराव मागच्या अंगणातून आले. धर्मराज गोठ्याच्या खोलीतून आला, हातात पेचकस. विठ्ठलराव त्याला बोलू देईचनात.

“माझ्या घरचं तूप खाऊन माझ्या बायकोचं मरान चिंतता?” विठ्ठलरावांचा आवाज चिरकला होता. “चला, निघा. आत्ताच्या आत्ता. सटवा, दमणी जुंप! ह्यांना परळीला न्हे, लिंबागणेसला न्हे, कुटं बी न्हे. माझ्या उंबऱ्याला ह्यांचा पाय नको.”

सटवाने दमणीला बैल जुंपले. गीताबाई आतून आली. तिने आईकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. दोरीवरची दोन लुगडी ओढून घड्या घातल्या आणि ट्रंक घेऊन दमणीशी जाऊन उभी राहिली.

आणि मला तेव्हा कळलं की धर्मराज सुटला. ज्यासाठी तो इतके दिवस ती पाती मोजत होता, ते न मागता दारात उभं होतं, बैल जुंपून. त्याने काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसून दमणीत चढला असता तर ऊन उतरायच्या आत घाट ओलांडला असता. तो गेलाही दमणीपर्यंत. चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला. आम्ही सगळ्या बघत होतो.

मागे केसरबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, भिंतीलाच म्हणाल्या, “लेकरू म्हनलं होतं मी त्याला.”

धर्मराजने पाय खाली घेतला.

“मामी,” तो म्हणाला, “ती गंग न्हवं.”

“मग कोनती?”

“पेटीतली. कंडेन्सर. दोन कंडेन्सर एका दांडीवर बसवले, संगं फिरणारे, की त्याला उस्ताद गंग म्हनायचे. विंग्रजी शब्द हाय. दुकानात सगळेच म्हनतेत. मास्तरांच्या माळ्यावर त्यांच्या भावाची फुटकी पेटी हाय, त्यातली मागितली. काल मास्तरच म्हनले, घिऊन जा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पेटी होती खरी. चैत्रात भावजी लग्नाला आले तेव्हा गाडीतून पडून फुटली म्हणून टाकून गेले. पण ती आमच्या ह्यांनी धर्मराजला दिली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्याशी बोलताना तो नेहमी कंडेन्सरच म्हणायचा. घाईत दुकानातला शब्द निघून गेला.

“गंग म्हनं, दांडीवरची!” विठ्ठलराव म्हणाले. “मला काय येडा समजता? आन् मामीला कळू द्यायची न्हाई ती कावून?”

यावर धर्मराजने मान खाली घातली. पेचकस फिरवत राहिला. पण उत्तर केसरबाईंना कळलं असावं, कारण त्यांनी तोंड भिंतीकडून वळवलं.

“बोलून दाखव म्हनावं पेटीला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “खरं-खोटं पेटीच सांगंल.”

मग मी भिवराबाईला घेऊन घरी गेले, शिडी लावली, पेटी खाली काढली. आत उंदराने कापूस आणि चिंध्यांचं घरटं केलं होतं. धर्मराजने ती केसरबाईंच्या खाटेपुढेच उघडली. सटवा बैल सोडून येऊन बसला. आतून निघाला तो कंडेन्सर खरोखर जोडीचा होता, एका दांडीवर दोन चवडी. दांडी मूठ बसते तिथे मोडलेली, तिला जुन्याची मूठ त्याने नंतर तारेने बांधली. नाव पुसलेलं, आकडा नाही.

त्याने केसरबाईंनी घासलेला जुना आणून शेजारी ठेवला. त्यातली मोडलेली पातीही त्याने जपून ठेवली होती. एकेक जागेवर धरून मोजली. नव्यातली एका पात्याने कमी भरली. मग पात्यावर पातं ठेवून घेर बघितला. मग पोथीचा कागद मागितला. मी देऊ दिला नाही, तेव्हा साखराबाईच्या विडीचं पान कापून फटीत सरकवलं. “फट बारीक हाय,” म्हणाला. “म्हंजे पातं कमी असून बी भर जवळपास तेवढीच. थोडी कमी.”

त्यानंतर विजेरीचा सेल आणि तिच्यातला चिमणा दिवा घेऊन एक तार फिरत्या पात्यांना, एक स्थिर पात्यांना लावली आणि दांडी फिरवू लागला. पाती कुठे एकमेकांना शिवली तर दिवा लागणार, आणि लागला तर सगळं फुकट. दिवा लागू नये म्हणून देवाचं नाव घ्यायची माझी ही पहिलीच वेळ. पाती अर्ध्यापर्यंत आत गेली. पुढे गेली. शेवटाला आली आणि दिवा भपकन लागला.

“घ्या!” विठ्ठलराव म्हणाले.

धर्मराजने बोलणं ऐकलंच नाही. ब्लेडचं पातं मागितलं, फटीत घालून कुठला तरी एक कोपरा केसभर सरळ केला, पुन्हा फिरवलं. या वेळी दिवा शेवटपर्यंत काळाच राहिला.

डाख द्यायला सळई चुलीत तापवली. गीताबाई फुंकत होती. केसरबाई खाटेच्या कडेला सरकून बघत होत्या, धाप लागत होती तरी. तो तारा जोडायला खाली वाकला, तेव्हा त्या अगदी हळू म्हणाल्या,

“ही न्हाई घासायची मी आता.”

धर्मराजची सळई हवेत थांबली. मला वाटतं, ओसरीवर ते त्याला आणि मलाच ऐकू गेलं, आणि वात धरून थांबलेला त्यांचा हात मला आठवला. त्याने वर बघितलं नाही. “बरं मामी,” एवढंच म्हणाला, आणि सळई टेकवली.

दिवेलागण झाली होती. बॅटरी जोडली. आधी खरखर, मग शिट्टी, मग पाती पुष्कळ आत शिरल्यावर एक माणूस उर्दूत बोलायला लागला, इतका स्वच्छ की भिवराबाईने डोक्यावर पदर घेतला. तबकडीवर काटा लाहोरपाशी होता.

“लाहोर!” सटवा ओरडला.

“न्हाई रे, हैदराबाद हाय हे,” धर्मराज म्हणाला. “गंगेची भर कमी हाय, म्हनून काटा फुडं जातोय. आता हितं लाहोर लिहिलेलं असंल तितं हैदराबाद समजायचं.” आणि तो हसला. लग्नानंतर असा हसताना मी त्याला पाहिला नव्हता. पुढे फिरवल्यावर कुणी बाई अभंग म्हणत होती, मध्येच विरायची, मध्येच यायची. केसरबाईंनी हात जोडले. मीही जोडले.

अभंग संपल्यावर विठ्ठलराव उठले. मग फेटा सारखा करत म्हणाले, “चुकलं माझं, जावायबापू. आन् मी शब्द दिलता. उंद्या बाजार हाय धारूरचा, परवा पहाटं दमणी जुंपतो. तुमाला आन् गीतेला ठेसनावर सोडतो.”

गीताबाई ट्रंक उचलून आत न्यायला निघाली होती, ती दारातच थांबली.

केसरबाईंनी मला जवळ बोलावलं. “मास्तरीणबाई, तो गडू कुटाय?”

गडू माझ्याच मांडीवर होता, इतका वेळ. हातातलं पान सुकून गेलं होतं.

“कुनाच्या नावानं काढला?”

“तुमच्याच,” मी म्हणाले. खोटं कसं बोलणार?

“मग आता माघारी न्यायचा न्हाई. तुमच्यात तसं हाय, माहितीय मला. ऱ्हाऊ द्या माझ्या उशाला.” त्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला, कपाळाला लावला. थोडा वेळ नुसता दम खाल्ला. मग म्हणाल्या, “जावायबापू, हिकडं या. मला ल्योक न्हाई. पाच गेले. ही माझ्या तोंडात घालनार कोन, ह्याचाच घोर होता मला, एवढ्या दिवसांचा. तर ती तुमीच मागितली. तुमच्या तोंडून देवानंच मागितली म्हना. आता तुमीच घालायची. दुसऱ्या कुनाच्या हातची मी घेनार न्हाई.”

कौशल्याबाईने डोळे पुसले. साखराबाईसुद्धा म्हणाली, “असा जावाय मिळाय भाग्य लागतंय, केसरबाई.”

“सिकंदराबाद लई लांब हाय का हो, जावायबापू?” केसरबाईंनी विचारलं.

“हाय, मामी.”

“दमा तेवढा थांबंल का?”

सकाळी विठ्ठलरावांनी त्याला हाकललं होतं, तेव्हा तो जाऊ शकत होता. आता सगळेजण त्याच्याकडे मायेने बघत होते. विठ्ठलरावही. गीताबाई मात्र आईकडे बघत नव्हती. तिने ट्रंक दाराआड ठेवली आणि चुलीशी जाऊन परातीत पीठ घेतलं. भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, रोजच्यापेक्षा जोरात.

धर्मराजने मूठ हळूहळू फिरवली. पाती पूर्ण आत गेली. आवाज बारीक होत होत गेला आणि तबकडीचा दिवा पिवळा पडला.

“बॅटरी उतरली,” तो म्हणाला.

“परवा गाडी तर सांगितलीय,” विठ्ठलराव म्हणाले. ते त्याच्याकडे न बघता म्हणाले.

“मग भरून आनतो बॅटरी,” धर्मराज म्हणाला. “गाडी रिकामी कशाला जायची.”

आज सकाळी माझी कणीक आंबून गेली होती, गाईला घातली. वाळलेल्या शेवया तेवढ्या डब्यात भरल्या. पूजेला बसले तर गडूची जागा रिकामी, आणि हातात घेतलेलं फूल कुठे ठेवावं ते सुचेना. शेवटी बाळकृष्णापुढे ठेवलं. भिंतीपलीकडे खोकला आहेच. मधून मधून पेचकसाचा आवाजही येतो. तबकडीवरची गावं खोडून नवीन लिहितो आहे म्हणे.

दुपारी गीताबाई आली होती, शेंगदाण्याची चटणी मागायला. एका माणसापुरती, एका दिवसाची. उद्या पहाटे धर्मराज परळीला चालला आहे. तिथल्या कापसाच्या जिनातल्या इंजिनावर बॅटरी भरून आणायची आहे.